सुट्या भागांची सायकल

माझे व्याही सायकली भाड्याने देतात, हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. धंद्यात कमीपणा आहे म्हणून नाही. मी स्वतः जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, मी कुठल्या तोंडाने नाक मुरडणार? आवाज खाली येतो तो वेगळ्या कारणाने. त्यांचा विषय निघाला की समोरचा हमखास म्हणतो, "अरे वा, ते तुमचे व्याही? फार सरळ माणूस हो!" मग मला त्या सरळ माणसाचं कौतुक ऐकत बसावं लागतं, तेही चेहरा हसरा ठेवून. त्यापेक्षा विषय न काढलेला बरा.

आज मात्र काढतोच. त्यांच्याविषयी सगळे गोड बोलतात, तेव्हा एकाने तरी पोटात दुखत असताना बोलायला हवं.

त्यांचं दुकान आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. उंच माणूस आत ताठ उभा राहू शकत नाही. हे उभे राहतात, कारण हे मुळातच बुटके, किडमिडीत. भिंतीला वरपासून खालपर्यंत खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला काही ना काही टांगलेलं. चाकं, हँडलं, चेनी, सीटा. प्रत्येक वस्तूवर खडूने किंमत लिहिलेली. यांच्या शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं आणि नखांत काळं वंगण. ते वंगण लेकीच्या लग्नातसुद्धा होतं. बोलतात असे, की जणू शब्दांनाही भाडं पडतं.

लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, "खर्च निम्मा-निम्मा करू." असं सगळेच म्हणतात. यांनी खरोखर केला. लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले आणि उरलेल्या सुट्या नाण्यांतली आमची निम्मी नाणी टेबलावर ठेवून गेले. माझी बायको तेव्हा होती. ती म्हणाली, "बघा, किती चोख!" माझ्या डोळ्यात ते गृहस्थ खुपायला लागले ते त्या सकाळपासून.

खरं तर मी त्यांना आधीपासून ओळखत होतो. माझ्याच बसने ते सामान आणायला जात. हातात नेमके सुटे पैसे घेऊन चढणारे प्रवासी फार थोडे, हे त्यांतले एक. कंडक्टरला असा प्रवासी देवासारखा वाटतो. पण देव बसमध्येच बरा, तो व्याही म्हणून घरात आला की जड जातं.

माझं स्वतःचं काय, तर पैसा माझ्याकडे कधी टिकला नाही. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे, मग घरी आल्यावर आपले मोजायचा कंटाळा येतो. मित्र दिसला की चहा, पोर दिसलं की गोळी. खिशात हात घालताना आत काय आहे ते मी कधी बघितलं नाही. माझा मुलगाही तसाच निघाला. महिना संपत आला की तो माझ्या खुर्चीजवळ घोटाळायला लागतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारतो. मग मी काय ते समजतो. सूनबाईचं तसं नाही. तिच्या कपाटात प्रत्येक गोष्टीसाठी काहीतरी बाजूला ठेवलेलं असतं. बापाची लेक!

आणि मग नात झाली.

तिची आजी तिच्या जन्माआधीच गेली होती, त्यामुळे ही पोर म्हणजे माझ्या घरातला दिवा. चालायला लागल्यापासून ती माझी. बागेत मी, शाळेच्या फाटकाशी मी, फुगेवाल्यासमोर मी. ती बोट दाखवी आणि मी खिशात हात घाली. मला ती "कंडक्टर आजोबा" म्हणायची आणि तिकडच्यांना "सायकल आजोबा." सायकल आजोबांनी तिला कधी साधी गोळी दिल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे मी अगदी निर्धास्त होतो. अशा माणसाकडे कुठलं पोर जाणार?

दुसरीत असताना तिने सायकलचा हट्ट धरला. मी म्हटलं, "अगं, तुझ्या सायकल आजोबांकडे सायकलींचं जंगल आहे. जा, एक घेऊन ये." मनात म्हटलं, बघू तर खरं, हात सुटतो का!

तासाभराने ती परत आली. सायकल नव्हती, पण तोंडावर हसू होतं.

"आजोबा, अर्ध्या तासाचं एक नाणं."

"काय?"

"भाडं. लहान सायकलचं अर्ध्या तासाला एक नाणं. मला आज उधार दिली, पण ते म्हणाले, रविवारी आधी मागचं द्यायचं, मग पुढची मिळेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्ख्या नातीकडून भाडं! मी सूनबाईला म्हटलं, "तुझे वडील कमाल आहेत." ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मलाही कधी फुकट दिली नाही, बाबा. मी लहानपणी चाकांच्या तारा पुसायचे, त्याचे पैसे मिळायचे, त्यातून भाडं द्यायचे."

"आणि त्याचं तुला वाईट नाही वाटलं?"

"फुग्याचं वाटायचं. सगळ्यांकडे फुगा असायचा." मग म्हणाली, "पण शाळा-कॉलेजच्या फीसाठी मला कधी कुणाच्या खुर्चीजवळ घोटाळावं नाही लागलं."

माझा मुलगा तिथेच बसला होता. त्याने पेपर तोंडासमोर धरला.

मग दर रविवारी असं व्हायला लागलं. सकाळी मी नातीला खाऊसाठी नाणी द्यायचो. ती मुठीत धरून दोन गल्ल्या पळत जायची आणि ती नाणी व्याह्यांच्या डब्यात पडायची. म्हणजे बघा, माझा पैसा, माझी नात, आणि गल्ला त्यांचा! पुढे तर ती तिथे तारा पुसायला लागली, टायर पाण्यात बुडवून पंक्चर शोधायला लागली. व्याही तिला कामाचे पैसे देत. ती त्यातून भाडं देई आणि उरलेलं राखून ठेवी. फुगेवाला आला तरी ती बोट दाखवीना. एकदा मी मुद्दाम सगळ्यांत मोठा लाल फुगा घ्यायला निघालो, तर म्हणाली, "नको आजोबा. त्याचे पैसेच द्या ना."

त्या दिवशी माझा असा काही हिरमोड झाला, की मी फुगेवाल्याकडून तो फुगा घेतलाच आणि एकटाच हातात धरून घरी आलो. रस्त्यातली पोरं हसत होती.

काही महिन्यांनी तिच्या डोक्यात आलं की भाडं देत बसण्यापेक्षा सायकल विकतच घ्यावी. हे तिचं तिला सुचलं, असं व्याही म्हणतात. मला शंका आहे. तिच्याजवळ जमलेल्या पैशांत सायकल येणार नव्हती. तेव्हा या महात्म्याने युक्ती काढली. दुकानात एक जुनी लहान सायकल पडली होती. ती त्यांनी पूर्ण सुटी केली. सगळे भाग साफ करून वेगवेगळ्या खिळ्यांना टांगले, प्रत्येकावर खडूने किंमत लिहिली आणि सांगितलं, "जसे जमतील तसे घे. घेतलेला भाग तुझ्या खिळ्यावर जाईल." दाराजवळ तिला एक मोठा खिळा ठोकून दिला, आणि त्याला लाल दोरा बांधला.

आता कुणीही शहाणं माणूस आधी सांगाडा घेईल. सांगाडा महाग, म्हणून निदान हँडल घेईल. आमच्या बाईसाहेबांनी काय घेतलं? घंटी! सर्वांत चकचकीत आणि सर्वांत आधी परवडणारी. ती हातात धरून ट्रिंगट्रिंग वाजवत गल्लीतून घरी आली. पुढे कित्येक महिने तिच्याजवळ सायकलची फक्त घंटी होती. तेव्हापासून सगळी गल्ली तिला घंटीच म्हणते.

मी व्याह्यांना गाठलं. "अहो, लहान पोर आहे. तुम्ही सांगायचं नाही का, घंटी शेवटी घ्यायची असते म्हणून?"

ते चाकातल्या छर्ऱ्यांना वंगण लावत होते. म्हणाले, "सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं."

"मग?"

"मग तिला कळलं नसतं."

एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. आणि तिला खरंच कळलं हो! दुसऱ्या खेपेला तिने खिळ्यासमोर बसून कितीतरी वेळ विचार केला आणि सांगाड्यासाठी पैसे साठवायला घेतले. सांगाडा आला, हँडल आलं, पायडलं आली. घरी जेवताना ती आम्हाला सांगे, ब्रेक आधी की चेन आधी, सीट नवीन घ्यावी की जुन्यालाच कापड लावून घ्यावं. तिचा बाप आ वासून ऐके. मी मात्र मान खाली घालून दुधात पाव कुस्करत बसे. मला त्या गप्पांत जागाच नव्हती. मी फक्त गोळ्या आणि फुगे यांतला जाणकार!

कुस्करत बसे, कारण माझ्या तोंडाचं तोवर बोळकं झालं होतं. कवळी करायची होती. त्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी साठवलं होतं, पेन्शनीतून थोडं थोडं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. नातीला तर फारच कौतुक. "आजोबा, तुमचे दात किती झाले?" असं ती दर महिन्याला विचारायची.

मग तिचा वाढदिवस आला. तिच्या खिळ्यावर सायकल जवळपास तयार झाली होती. पुढचं चाकही लागलं होतं. राहिलं होतं मागचं. आणि मला दिसायला लागलं की एक दिवस ते चाक बसेल, ती त्या सायकलवरून गल्लीत येईल, सगळे लोक टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, वा, सायकल आजोबा! त्या टाळ्या माझ्या कानात आधीच वाजायला लागल्या. मला जेवण जाईना.

मी कवळीचे पैसे घेतले आणि मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातून नवी कोरी सायकल आणली. निळी. पुढे टोपली, मागे दिवा, हँडलला झिरमिळ्या. वाढदिवसाला सगळे जमले असताना ती दारातून आत ढकलली. व्याही कोपऱ्यात बसले होते. त्यांनी काय आणलं होतं, माहीत आहे? पंक्चर काढायची डबी!

नात किंचाळली. माझ्या गळ्यात पडली. तिने माझे इतके पापे घेतले की माझा चष्मा पडला. मी व्याह्यांकडे बघितलं. ते उठून सायकलजवळ गेले, मागचं चाक बोटाने फिरवून बघितलं आणि म्हणाले, "चांगली आहे." चेहरा अगदी एवढासा झाला होता. तो आठवडा माझ्या आयुष्यातला सोन्याचा आठवडा होता. घंटी रोज संध्याकाळी निळ्या सायकलवर आणि मी गॅलरीत, राजासारखा.

पुढच्या आठवड्यात मी भाजी आणायला निघालो, तर शेजारच्या गल्लीतला एक अनोळखी मुलगा निळ्या सायकलवरून माझ्या अंगावरून गेला. टोपली, दिवा, झिरमिळ्या सगळं तेच. मी "चोर, चोर" करून त्याच्यामागे धावलो. तो थांबला आणि रडवेला होऊन म्हणाला, "अहो, मी भाडं भरलंय! विचारा दुकानात!"

मी दुकानात शिरलो तेव्हा माझं डोकं जिन्याला आपटलं. तेही त्यांच्या खात्यावर जमा!

"माझी सायकल तुम्ही भाड्याने देता?"

"तुमची नाही. तिची," व्याही म्हणाले. "दिलीत ना तुम्ही तिला? की नुसती दाखवलीत?"

मग तेच म्हणाले, "मी नको म्हटलं होतं. नवी आहे, ओरखडे पडतील. ती म्हणाली, दिवसभर नुसती उभी असते, त्यापेक्षा फिरू दे. ओरखड्याचे वेगळे पैसे लावू."

"आणि तुम्ही तिच्याकडून जागेचं भाडं घेत असाल!"

"घेतो," ते म्हणाले. एवढ्या साधेपणाने म्हणाले की मला पुढे भांडता येईना.

घरी आल्यावर मी नातीला समोर बसवलं. "तुला माझी सायकल आवडली नाही का?"

"आवडली ना! खूप."

"मग त्या मोडक्या सायकलच्या मागे का लागलीस अजून?"

"ती माझी आहे."

"आणि ही कुणाची?"

तिने थोडा विचार केला. "ही पण माझीच. पण ती मी केलीय."

एवढंच म्हणाली. काही वाईट बोलली नाही. पण मला ते बोलणं इतकं लागलं, की दोन दिवस मी तिच्याशी तुटकपणे वागलो. दातओठ खावेत म्हटलं, तर दातही नव्हते.

दातांचं मी घरात सांगून टाकलं होतं, "आता या वयात कवळी कशाला? माझ्या हिरड्याच घट्ट झाल्यात, सगळं चावतं." मुलाने लगेच विश्वास ठेवला, कारण ते सोयीचं होतं. सूनबाईने माझ्याकडे बघून घेतलं आणि माझ्यासाठी पोळी वेगळी, मऊ करायला लागली. नात मात्र एके संध्याकाळी भाजलेले शेंगदाणे घेऊन आली आणि मूठभर माझ्या हातावर ठेवून समोर बसली.

"खा की, आजोबा."

मी एक दाणा तोंडात टाकला आणि या गालातून त्या गालात फिरवत राहिलो.

"आजोबा, निळी सायकल कितीला पडली?"

"भेटीची किंमत विचारू नये."

"मी त्या दुकानात विचारली," ती म्हणाली. मग शेंगदाणे माझ्या हातावरून परत घेतले, खलबत्त्यात कुटून आणले आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवले.

त्यानंतर तिचं वागणं बदललं. दुकानात जायची, काम करायची, पण चाकाचं नाव काढीना. आतापर्यंत पैसे जमले असणार, असा माझा अंदाज. मग चाक का येत नाही? माझी खात्री पटली, की व्याह्यांनी किंमत वाढवली. खडू काय, त्यांच्याच हातात! मी मनातल्या मनात त्यांच्याशी इतका भांडलो, की समोर भेटले असते तर बोलायला काही उरलंच नसतं.

आणि ते समोर आले. स्वतः होऊन, संध्याकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून. इतक्या वर्षांत बोलावल्याशिवाय पहिल्यांदाच. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, गोल. घरात मी एकटाच होतो. ते खुर्चीच्या काठावर बसले, जणू पूर्ण बसलं तर जास्त पैसे पडतील.

"उद्या घरचे तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे कवळीचं माप द्यायला नेतील," ते म्हणाले. "तुम्हाला सांगू नका, असं घंटीने म्हटलं होतं. पण मला सांगायला हवं."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

घंटी त्यांना हाताला धरून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. चाकासाठी साठवलेले पैसे आणि निळ्या सायकलचं आलेलं भाडं असं सगळं रुमालात बांधून. डॉक्टरच्या टेबलाला तिची हनुवटी टेकत होती. तिने विचारलं, "एकेक दात सुटा मिळतो का?"

डॉक्टर हसायला लागले. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. ती म्हणाली, "आमच्याकडे सायकल मिळते तशी. जसे पैसे जमतील तसे दात घेऊ."

"मी तिला म्हटलं," व्याही सांगत होते, "सुटेच घ्यायचे तर आधी दाढा घे. खायला दाढा लागतात. तर म्हणाली, नाही, पुढचे दोन आधी. कंडक्टर आजोबा वाढदिवसापासून हसलेच नाहीत. आधी हसू देत, मग खातील."

मी खिडकीकडे बघत राहिलो. बाहेर काही नव्हतं.

"पुन्हा घंटीच आधी घेतली पोरीने," व्याही म्हणाले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कवळी एकदमच करावी लागते, पण पैसे थोडे थोडे दिले तरी चालतील. तिने विचारलं, त्यावर जास्तीचं काही लागेल का. नाही म्हटल्यावर मगच तिने रुमाल सोडला.

"माझ्या दुकानात परत आलो," व्याही म्हणाले. "मी खिळ्यावरून चाक काढलं. तिला म्हटलं, घे. राहू देत पैसे." त्यांनी गळ्याचं बटण चाचपलं. "व्याही, मी आजवर कुणाला एक नट फुकट दिला नाही. माझे वडील द्यायचे. माझ्या वडिलांचंही सायकलींचं दुकान होतं, यापेक्षा मोठं. सगळ्यांना फुकट, सगळ्यांना उधार. लोक फार चांगलं बोलायचे त्यांच्याविषयी. दुकान गेलं तेव्हा त्यांतलं कुणी आलं नाही. माझ्याजवळ एक पंप राहिला होता. घंटीएवढाच होतो. रस्त्याच्या कडेला बसून हवा भरायचो. तेव्हापासून माझा हात जो मिटला, तो मिटला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा उघडला."

"मग?"

"तिने घेतलं नाही. म्हणाली, सायकल आजोबा, तुम्हीच म्हणता ना, फुकट घेतलं की किंमत कळत नाही. माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं."

त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. मागचं चाक. प्रत्येक तार पुसून लख्ख केलेली.

"तुमच्याकडून घेते," ते म्हणाले. "गोळी घेते, फुगा घेतला, सायकल घेतली. गळ्यात पडून घेते. मी आयुष्यभर तिला काय शिकवलं, तर साठवायला. आणि ज्या दिवशी साठलं, त्या दिवशी ते तुमच्यासाठी घेऊन गेली. मी बघत होतो ना, रुमालाची गाठ सोडताना. मी फार जळलो हो. तुमच्यावर."

आता मला सांगा, या माणसाला काय म्हणावं? जे वाक्य मी इतकी वर्षं घशात अडकवून बसलो होतो, ते हा आला आणि माझ्या खुर्चीवर बसून, माझ्याआधी म्हणून मोकळा झाला! इथेही पहिला नंबर यांचाच. पण खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेलो. जळतोय! माझ्यावर जळतोय! गॅसजवळ उभा राहून मी बोळक्या तोंडाने एकटाच हसलो.

बाहेर आलो तेव्हा ते उठून उभे होते. "हे तुम्ही द्या तिला. तुमच्या नावाने. मी दिलं सांगू नका, घेणार नाही." आणि चहा न घेताच गेले.

चाक मी कपाटामागे ठेवलं. कवळी तयार होऊन येईपर्यंत ते तिथेच होतं. रोज मी त्याच्याकडे बघायचो आणि रोज तोच विचार. मी दिलं म्हटलं, की झालं! सायकलही माझी, चाकही माझं. घंटी पुन्हा गळ्यात पडेल, चष्मा पुन्हा पडेल. आणि व्याह्यांनीच तर सांगितलंय! कुठे काही खोटंही नाही, त्यांची परवानगी आहे. असा सौदा मला पुन्हा कधी मिळणार होता?

कवळी आली. आधी जरा टोचली, मग बसली. घंटी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "हसा बघू." मी हसलो. तिने मान तिरकी करून दोन्ही बाजूंनी बघितलं, जसे तिकडचे आजोबा बसवलेलं चाक बघतात. "चांगली आहे," म्हणाली. अगदी त्यांच्याच आवाजात! माझं हसू निम्मं झालं.

मी कपाटामागून चाक काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

तिने ते हातात घेतलं. टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. खडू पुसला होता, पण पुसल्याची खूण राहिली होती. तिला त्या दुकानातला प्रत्येक भाग पाठ होता.

"हे आपलं चाक आहे," ती म्हणाली. "तुम्ही विकत घेतलंत? कितीला?"

हो म्हणायचं होतं. फक्त हो. जीभ नव्या दातांना लागून तिथेच अडखळली. ते दात कुणाच्या पैशाचे, हे तिने मला अजूनही सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नसल्याचं सोंग करायचं होतं. एवढीशी पोर, पण दिलं आणि स्वतःचं नाव लावलं नाही.

"विकत नाही घेतलं," मी म्हणालो. "तुझ्या सायकल आजोबांनी दिलंय. तुझ्यासाठी. फुकट."

ती बघतच राहिली. "पण त्यांना फुकट देता येत नाही."

"नाही येत. ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काय? शिकतायत. पहिलीच खेप आहे त्यांची," मी म्हणालो. "जरा सांभाळून घे. नाही म्हणू नकोस."

घंटीने चाक छातीशी धरलं. मग खाली ठेवलं आणि हाताने ढकलत जिन्यावरून उतरली. मी गॅलरीत गेलो. ती गल्लीतून चाक पळवत दुकानाकडे निघाली होती, मागे एकदाही न बघता. पोटात दुखलं. नेहमीसारखंच दुखलं. मी आत येऊन शेंगदाण्यांचा डबा काढला आणि खुर्चीत बसून एकेक दाणा चावायला लागलो.